डोळ्यांचा शीण आणि शाळेतील नेत्रव्यायाम

(शिक्षकांच्या केंद्र-संमेलनासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



दुपारच्या सुट्टीनंतर चौथीच्या वर्गात उभे राहिले म्हणजे काही गोष्टी सहज नजरेस येतात. एक मुलगा डोळे चोळीत असतो. दुसरा फळ्यावरील गणित उतरून घेताना शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. एका मुलीच्या कपाळावर आठ्या पडलेल्या असतात आणि तिचे नाक वहीला टेकण्याच्या बेतात असते. वर्गशिक्षक ह्या सर्वांस बहुधा एकच औषध लागू करतात : "नीट बसा, इकडे लक्ष द्या." परंतु ह्या मुलांत काही नुसतीच कंटाळलेली असतात, काहींचे डोळे वाचून-लिहून खरोखर शिणलेले असतात, आणि एखाददुसऱ्यास फळा दिसतच नसतो. बाहेरून पाहता तिन्ही प्रकार सारखेच. नेत्रव्यायाम उपयोगी पडतो तो ह्यांतील दुसऱ्या प्रकारच्या मुलांस. तिसऱ्या प्रकारच्या मुलास तो दिला आणि तेवढ्यावरच थांबले, तर त्या मुलाचे नुकसान होते. प्रस्तुत विषयातील हा भेद शिक्षकाच्या मनात पक्का असावा लागतो.

२१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन २०१५ सालापासून पाळला जाऊ लागला. त्या निमित्ताने खेड्यापाड्यांतील शाळांतूनही आसने व प्राणायाम होऊ लागले, ही आनंदाची गोष्ट होय. त्याबरोबर डोळ्यांच्या व्यायामांविषयीही पुष्कळ बोलले जाऊ लागले आहे. मोबाईलच्या पडद्यावर त्यांची चित्रे फिरतात आणि ती पाहून पालक शाळेत येऊन विचारतात, "गुरुजी, ह्यानं पोराचा चष्मा सुटेल ना?" ह्या प्रश्नाचे उत्तर गावात बहुधा शिक्षकासच द्यावे लागते. डोळ्यांचे डॉक्टर तालुक्याच्या गावी, कित्येकदा त्याहूनही दूर. उत्तर चुकले तर त्याचे फळ मुलास भोगावे लागते, आणि काही बाबतींत ते जन्मभर भोगावे लागते.

डोळा शिणतो म्हणजे त्यातले नेमके काय शिणते, हे प्रथम पाहू. डोळ्याच्या आत, बाहुलीच्या मागे, एक पारदर्शक आणि लवचिक भिंग असते. त्याच्या सभोवती एक बारीक स्नायूचे कडे असते आणि अतिसूक्ष्म तंतूंनी हे भिंग त्या कड्यास टांगलेले असते. दूरचे पाहताना हा स्नायू सैल असतो, तंतू ताणलेले राहतात आणि भिंग चपटे असते. जवळचे पाहावयाचे झाले की स्नायू आवळला जातो, तंतू सैल पडतात आणि भिंग आपल्या अंगच्या लवचिकपणाने फुगीर होते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही रचना उलगडून दाखविली. ह्याचा अर्थ असा की, डोंगराकडे पाहणे ही डोळ्याची विश्रांती होय आणि पुस्तकाकडे पाहणे हे डोळ्याचे कष्ट होत. वर्गात हे समजावून देण्यास कोणतेही साधन लागत नाही. मुलांनी नाकापासून एका वितीवर बोट धरावे आणि त्याकडे पाहावे. मग खिडकीबाहेरच्या चिंचेकडे पाहावे. बोटावरून नजर काढताच आत काहीतरी सुटल्यासारखे वाटते. तोच तो स्नायू.

जवळ पाहताना आणखी एक काम चालू असते. दोन्ही डोळे किंचित आत वळवून एकाच अक्षरावर रोखावे लागतात. प्रत्येक डोळ्यास बाहेरून सहा स्नायू असतात आणि दोन्ही बाजूंचे स्नायू एकमेकांशी जुळवून घेत असतात. बैलजोडीपैकी एक बैल किंचित मागे पडला तरी नांगर वाकडा जातो, तसेच येथे होते. अक्षरे एकमेकांवर चढल्यासारखी दिसतात, ओळ चुकते, कपाळ ठणकू लागते.

तिसरी गोष्ट पापणीची. स्वस्थ बसून गप्पा मारणारा माणूस मिनिटास सुमारे १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. वाचनात किंवा मोबाईलच्या पडद्यात तो गढला की हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. पापणी मिटली की डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. ती मिटली नाही तर तो थर सुकतो, डोळा चुरचुरतो आणि मग त्यातून भळभळा पाणी येऊ लागते. पाणी येते आणि तरीही डोळा कोरडा पडलेला असतो, हे प्रथम ऐकणाऱ्यास विचित्र वाटते. परंतु डोळ्यात कण गेला म्हणजे जसे पाणी येते, तसेच हे तक्रारीचे पाणी असते. ह्याच्या जोडीला वाकलेली मान आणि आखडलेले खांदे असतातच. ज्या शाळांतून मुले सतरंजीवर बसून मांडीवरच्या वहीत लिहितात, तेथे मानेचे हे दुखणे अधिक.

अशा शिणाने डोळा बिघडत नाही, हे पालकांस आवर्जून सांगितले पाहिजे. दिवसभर नांगरणी केलेल्या माणसाचे खांदे दुखतात, म्हणून खांद्यास रोग झाला असे कोणी म्हणत नाही. विश्रांती मिळताच शीण जातो. विश्रांती मिळूनही जो शीण रोज परत येतो, त्याच्या मागे मात्र बहुधा दुसरे कारण दडलेले असते.

आता योगाभ्यासाकडे वळू. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामांनी रचलेल्या 'हठयोगप्रदीपिका' ह्या ग्रंथात धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती अशी सहा शुद्धिकर्मे सांगितली आहेत. त्यांपैकी त्राटक हे डोळ्यांचे कर्म. एखाद्या लहानशा वस्तूवर पापणी न लववता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत नजर स्थिर ठेवावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. त्याने नेत्ररोग दूर होतात असेही तेथे म्हटले आहे. जुन्या ग्रंथांत फलश्रुती ही असतेच. व्रतकथेत असते तशी हठयोगातही. ती आदराने वाचावी, पण औषधाच्या चिठ्ठीसारखी वाचू नये. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांचा हाच आग्रह होता. योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे उपकरणे लावून, मोजून पाहावे, अशी त्यांची दृष्टी होती, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या 'योगमीमांसा' ह्या नियतकालिकातून ते प्रयोग छापले जात.

ह्या दृष्टीने पाहिले म्हणजे त्राटक हे मुख्यतः चित्त एकाग्र करण्याचे साधन आहे, असे ध्यानात येते. डोळ्यास त्यापासून जे सुख मिळते, ते टक लावण्याने मिळत नाही. टक लावून झाल्यावर डोळे मिटून स्वस्थ बसण्याने मिळते. ज्या मुलाचा डोळा पापणी न लवविल्यामुळेच शिणला आहे, त्यास पुन्हा पापणी न लवविण्याचा अभ्यास प्रथम देणे शहाणपणाचे नाही. वरच्या वर्गातील मुलांकडून एकाग्रतेसाठी त्राटक करवून घ्यावयाचे झाल्यास भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर एक काळा ठिपका काढावा, अर्धा मिनिट त्याकडे पाहू द्यावे आणि मग तितकाच किंवा त्याहून अधिक वेळ डोळे मिटू द्यावे. लहान मुलांच्या वर्गात पेटता दिवा नको. आणि सूर्यावर त्राटक कोणत्याही वयाच्या माणसाने, उगवत्या वा मावळत्या बिंबावरदेखील, करू नये. सूर्याकडे टक लावल्याने दृष्टिपटल भाजते. भाजताना ते दुखत नाही, म्हणून माणूस फसतो, आणि गेलेली दृष्टी पुष्कळदा पूर्णपणे परत येत नाही. ग्रहणाच्या दिवशी शाळेत ही सूचना द्यावीच लागते. योगदिनीही ती द्यावी.

योगाभ्यासाने डोळ्यांचा शीण कमी होतो काय, ह्याचे उत्तर मात्र होकारार्थी आहे. बेंगळूर येथे संगणकावर काम करणाऱ्या माणसांवर केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास योगाभ्यास करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या तक्रारी दोन महिन्यांनी कमी झाल्या, आणि न करणाऱ्यांच्या वाढल्या. तक्रारी त्यांनी स्वतः सांगितलेल्या होत्या, यंत्राने मोजलेल्या नव्हत्या, आणि मध्येच अभ्यास सोडून गेलेली माणसेही बरीच होती. तरीही शीण ही गोष्ट सांगण्यावरूनच कळावयाची असल्यामुळे ह्या साक्षीस मोल आहे. तो योगाभ्यास केवळ डोळ्यांचा नव्हता. त्यात आसने होती, श्वसन होते, शिथिलीकरण होते. डोळा मानेपासून आणि मनापासून वेगळा काढून त्याचा शीण घालविता येत नाही, असाच त्यातून अर्थ निघतो.

प्राथमिक शाळेत एक तास मिळावयाचा नाही. पाच मिनिटे मिळू शकतात, आणि ती दुपारच्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या तासिकेच्या आरंभी घेतल्यास अधिक उपयोगी पडतात. आरंभी मुलांनी हात धुवावेत. खडूने माखलेले हात डोळ्यांजवळ नेऊ नयेत. चष्मा असल्यास तो काढून दप्तरात नीट ठेवावा. पाठ ताठ करून बसावे, श्वास घेत खांदे कानांपर्यंत उचलावे आणि श्वास सोडीत एकदम सैल टाकावे, असे चार-पाच वेळा झाले की मुले हसू लागतात. हसू द्यावे. मग एक हात पुढे लांबवून अंगठा उभा धरावा, त्याच्या नखाकडे पाहावे आणि लगेच दारातून दिसणाऱ्या झाडाच्या शेंड्याकडे पाहावे. असे दहा वेळा करून शेवटी नजर झाडावरच राहू द्यावी. नुसते "दूर पाहा" म्हटल्याने मूल दूर पाहत नाही; त्यास पाहण्यास काहीतरी दिले पाहिजे. विजेच्या तारेवर पाखरे किती, देवळाच्या कळसावर झेंडा कोणत्या दिशेस उडतो आहे, टेकडीवरची गुरे कोणाची, असे विचारले की सबंध वर्गाचे डोळे अर्धा मिनिट विनासायास विसावतात.

त्यानंतर डोके स्थिर ठेवून डोळे सावकाश वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवावे. ह्या प्रकाराचा मुलांस फार शौक असतो आणि चित्रांतून तोच अधिक दाखविला जातो, परंतु शीण घालविण्यास त्याचा हातभार थोडाच. चार-पाच फेऱ्या पुरेत. कोणास गरगरले तर तेथेच थांबावे. ह्याहून दहा वेळा सावकाश, पुरती पापणी मिटून उघडणे अधिक गुणाचे. शेवटी तळहात एकमेकांवर घासून ऊन करावे, खोलगट करावे आणि मिटलेल्या डोळ्यांवर असे ठेवावे की प्रकाश आत येऊ नये व बुबुळावर दाब पडू नये. कोपरे मांडीवर किंवा बाकावर टेकावी. ह्या स्थितीत दहा दीर्घ श्वास घ्यावे. इच्छा असल्यास श्वास सोडताना भ्रामरीप्रमाणे भुंग्यासारखा गुंजार करावा. चाळीस मुलांचा वर्ग एक मिनिट गुणगुणत, डोळे झाकून बसतो, तेव्हा शिक्षकासही आपले डोळे झाकून घेण्यास हरकत नाही. फक्त डोळा आलेल्या, डोळ्यास मार लागलेल्या किंवा शस्त्रक्रिया झालेल्या मुलास ह्या पाठातून वगळावे. डोळ्यांत मध, लिंबाचा रस, कोणाचे घरगुती थेंब घालण्याचे प्रकार योगाच्या नावाखाली कोठे चालत असतील, तर ते थांबवावे.

ह्याशिवाय एक सोपा नियम पाळता येण्यासारखा आहे. सुमारे २० मिनिटे वाचन-लेखन झाले की २० सेकंद, निदान २० फुटांपलीकडे पाहावे. वर्गाची खोली बहुधा २० फूटच लांब असते. म्हणून नजर दाराबाहेर गेली पाहिजे. मोबाईलवर अभ्यास करणाऱ्या मुलांच्या घरीही हा नियम कळवावा.

एवढे झाल्यावर पालकाच्या त्या प्रश्नाकडे यावे लागते. चष्मा सुटेल काय? नाही सुटणार. ज्या मुलास जवळचे दिसते पण दूरचे दिसत नाही, त्याचे नेत्रगोल बहुधा समोरून मागे असे लांबलेले असते. ही लांबी एक मिलिमीटर वाढली तर चष्म्याचा नंबर सुमारे अडीच ते तीनने वाढतो. व्यायामाने दंड पिळदार होतो, पण हाड आखूड होत नाही. तद्वत नेत्रगोलही व्यायामाने आखूड होत नाही. १९२० साली न्यूयॉर्कच्या डॉक्टर बेट्स ह्यांनी चष्म्याशिवाय दृष्टी सुधारण्याविषयी पुस्तक लिहिले. भिंगाचा आकार बदलत नसून बाहेरचे स्नायूच सारे नेत्रगोल दाबून-ताणून दृष्टी जुळवितात, आणि ते सैल केले की चष्मा लागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे पुढे टिकले नाही. पण डोळे तळहातांनी झाकण्याची त्यांची पद्धत सुखद असल्यामुळे ती टिकली, आणि तिच्या पाठीवर बसून त्यांचा चष्माविरोधही देशोदेशी पसरला. त्याच पद्धतीत सूर्याकडे तोंड करण्याचाही एक प्रकार होता, त्याविषयी वर सांगितलेच आहे.

चीनमध्ये ह्या गोष्टीची फार मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली. तेथे १९६३ पासून शाळाशाळांतून रोज डोळ्यांभोवतीच्या ठरावीक जागा चोळण्याचे व्यायाम, संगीताच्या तालावर, सर्व मुलांकडून करवून घेतले जाऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ते केले. तरीही २०१८ सालच्या राष्ट्रीय पाहणीत तेथील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३.६ टक्के मुलांना दूरचे अंधुक दिसत असल्याचे आढळले. व्यायामामुळे हे झाले असे नव्हे. व्यायामाने ते थांबले नाही, एवढेच.

व्यायामाने खरोखर बरा होणारा एक दोष आहे. जवळचे पाहताना दोन्ही डोळे पुरेसे आत न वळणे, हा तो दोष. ह्यावर अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर प्रयोग करून त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली बारा आठवडे अभ्यास केलेल्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुले सुधारली. घरीच पेन्सिल नाकाजवळ आणून पाहण्याचा व्यायाम केलेल्यांपैकी निम्मीही सुधारली नाहीत. म्हणजे व्यायाम लागू पडतो तेथेदेखील दोष आधी तपासून घ्यावा लागतो.

मग दूरचे न दिसण्याचा हा दोष लागूच नये, म्हणून शाळेस काही करता येईल काय? येईल, आणि ते खेड्यातील शाळेस शहरापेक्षा सोपे आहे. चीनमधील ग्वांगझौ शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग चालला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्या मैदानावर घेतला. २०१५ साली त्याचा निष्कर्ष छापला गेला : नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना हा दोष नव्याने जडला, मैदानावर गेलेल्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना. तैवानमध्ये २०१० पासून मुलांनी रोज दोन तास घराबाहेरच्या उजेडात राहावे अशी मोहीम सुरू झाली आणि वर्षानुवर्षे चढत असलेले प्रमाण काही वर्षांतच उतरणीस लागले. ह्यात खेळ कोणता हे महत्त्वाचे नाही. मोकळ्या आकाशाखालचा उजेड महत्त्वाचा आहे. झाडाच्या सावलीतही तो वर्गातल्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो. तेव्हा कविता पाठ करणे, पाढे म्हणणे, परिसर अभ्यास हे झाडाखाली घेण्याची जुनी चाल सोडू नये. शिक्षा म्हणून मुलाची खेळाची सुट्टी काढून घेण्याची पद्धत मात्र डोळ्यांसाठी तरी सोडावी. वर्गाच्या आतही फळा वर्षातून एकदा काळा करून घेणे, त्यावर खिडकीची तिरीप पडून तो चकाकत नाही ना हे मागच्या रांगेत स्वतः बसून पाहणे, आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्यास उजेड डावीकडून मिळेल असे बसविणे, ही कामे बिनखर्चाची आहेत.

आता त्या तिसऱ्या प्रकारच्या मुलाचा विचार. फळा न दिसणारे मूल कधीही "मला दिसत नाही" असे सांगत नाही. जगाला जेवढे दिसते तेवढेच आपल्यास दिसते, असे त्यास वाटते. म्हणून ते शिक्षकाने शोधावयाचे असते. १८६२ साली नेदरलँड्सच्या स्नेलेन ह्यांनी दृष्टी मोजण्याचा अक्षरांचा तक्ता तयार केला. निरक्षर मुलांसाठी इंग्रजी 'ई' अक्षराची टोके कोणत्या दिशेस आहेत हे हाताने दाखविण्याचा तक्ता पुढे रूढ झाला. आरोग्य खात्याकडून तो शाळेस मिळू शकतो. ओसरीवर भरपूर उजेडात तो टांगावा आणि बरोबर सहा मीटर मोजून जमिनीवर रेघ ओढावी. मुलाने रेघेवर उभे राहून, एका वेळी एकच डोळा उघडा ठेवून, ठरलेली ओळ दाखवावी. दुसरा डोळा झाकण्यास पुठ्ठा द्यावा. बोटांनी झाकला तर मुले फटीतून पाहतात, आणि हाताने दाबला तर तो डोळा काढल्यावर काही वेळ अंधुकच दिसते.

एकेक डोळा स्वतंत्र तपासण्याचे कारण गंभीर आहे. काही मुलांचा एक डोळा उत्तम असतो आणि दुसरा जन्मापासून फार अंधुक असतो. चांगल्या डोळ्यावर मूल धावते, खेळते, पहिला नंबर मिळविते; कोणास संशयही येत नाही. परंतु अंधुक डोळ्याकडून येणारे चित्र मेंदू हळूहळू विचारातच घेईनासा होतो. ह्यास आळशी डोळा म्हणतात. सहा-सात वर्षांच्या वयात तो सापडला, योग्य चष्मा मिळाला आणि चांगला डोळा काही काळ झाकून त्या डोळ्यास कामास लावले, तर तो पुष्कळ सुधारतो. मोठेपणी चष्मा देऊनही तो तसा सुधारत नाही. पहिलीच्या वर्गातील मुलास वर्षभर नेत्रव्यायाम करवीत राहिले आणि ही तपासणी राहून गेली, तर गेलेले वर्ष परत मिळत नाही. ह्याच कारणाने तिरळ्या डोळ्याच्या मुलास "मोठेपणी सरळ होईल" असे सांगून घरी ठेवणेही चुकीचे. संध्याकाळी अडखळणारे मूल वेगळे. तेथे रातांधळेपणाचा, म्हणजे जीवनसत्त्व 'अ' च्या उणिवेचा संशय घ्यावा, पालेभाजी, शेवग्याचा पाला, पपई ह्यांची आठवण पालकांस करून द्यावी आणि मुलास आरोग्य केंद्रात पाठवावे. जुन्या काळी शाळेतील डोळ्यांच्या दुखण्यांत खुपऱ्या ह्या सर्वांत अधिक दिसत. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून त्यांचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले. तोंड धुण्यासारखी साधी सवय त्या लढाईत किती उपयोगी पडली, हे परिपाठात सांगण्याजोगे आहे.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळाशाळांतून मुलांची तपासणी करतात, आणि अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून शाळकरी मुलांस विनामूल्य चष्मे देण्याची योजना आहे. पथक येईल त्या दिवशी शिक्षकाने आधीच निवडून ठेवलेल्या मुलांची यादी तयार असली, तर कोणी निसटत नाही. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची नावेही लिहून ठेवावी.

चष्मा मिळाला म्हणजे काम संपले, असे बहुतेकांस वाटते. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील माध्यमिक शाळांतून चष्मे दिलेल्या मुलांची काही महिन्यांनी पुन्हा पाहणी केली गेली, आणि ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. १०१८ मुलांपैकी तीस टक्केही मुले चष्मा लावीत नव्हती. कोणाचा मोडला होता, कोणाचा हरवला होता, कोणी घरी विसरले होते. आणि बऱ्याच जणांनी चिडविले म्हणून तो काढून ठेवला होता. "ढापण्या" हा शब्द वर्गात उच्चारला जाऊ न देणे शिक्षकाच्या हाती आहे. मुलीच्या लग्नास अडचण येईल म्हणून तिचा चष्मा ट्रंकेत ठेवणारी घरे अजून आहेत. तेथे स्वतः जाऊन बोलावे लागते. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, ही समजूतही घरोघर आहे. मलेशियात दोन वर्षे चाललेल्या एका प्रयोगात कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर पुऱ्या नंबरचा चष्मा दिलेल्यांपेक्षा वाढला, कमी झाला नाही. २००२ सालचा हा निष्कर्ष पालकांस सांगावा. चाळिशी लागूनही हजेरीपट हात लांब करून वाचणाऱ्या शिक्षकाने मात्र आधी आपला चष्मा करून घ्यावा. मुले बोलण्यापेक्षा पाहतात अधिक.

चष्मा मिळालेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे वर्गनोंदवहीत तारीख घालावी आणि तीन महिन्यांनी एका दिवशी, आधी न सांगता, किती चेहऱ्यांवर चष्मा आहे ते पाहावे. नसेल तर रागावण्यापूर्वी कारण विचारावे. काडी मोडली असेल तर बाजाराच्या दिवशी तालुक्यास जाणाऱ्याच्या हाती चष्मा दुरुस्तीस द्यावा, आणि तो परत येईपर्यंत त्या मुलास पहिल्या रांगेत बसवून फळ्यावर लिहिलेली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवावी.